डास्कमधील लोकल क्लस्टर: सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायथनमध्ये मोठ्या डेटावर काम करण्यासाठी डास्क वापरणाऱ्यांचा पहिला क्लस्टर बहुधा स्वतःच्या लॅपटॉपवरच सुरू होतो. तो सुरू करायला एक ओळ पुरते, त्यामुळे तो बंद कोणी करायचा, केव्हा करायचा आणि मध्येच काही बिघडले तर मागे काय उरते, याचा विचार सहसा अडचण आल्यावरच होतो. पुढील प्रश्नोत्तरे या दुर्लक्षित बाजूविषयी आहेत. वाचकाला पायथन येते आणि डास्कचे डेटाफ्रेम किंवा डिलेड त्याने निदान एकदा चालवून पाहिले आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

एकाच संगणकावर ‘क्लस्टर’ कशासाठी हवा?

डास्कची ओळख वैज्ञानिक पायथनच्या जगाला झाली ती २०१५ च्या सायपाय परिषदेत मॅथ्यू रॉकलिन यांनी मांडलेल्या निबंधातून. त्या वेळचा मुख्य विचार एकाच यंत्राचे सगळे कोअर कामाला लावण्याचा आणि मेमरीत न मावणारा डेटा तुकड्या-तुकड्यांनी हाताळण्याचा होता. अनेक यंत्रांवर काम वाटणारा ‘डिस्ट्रिब्युटेड’ हा भाग त्यानंतर आला, आणि लोकल क्लस्टर हे त्याच भागाचे एका यंत्रावर चालणारे रूप आहे. शेड्यूलर (कामे वाटणारा), वर्कर (ती प्रत्यक्ष करणारा) आणि क्लायंट (आपल्या कोडमधून कामे सोपवणारा) ही तिन्ही पात्रे त्यात असतात; फक्त ती सगळी आपल्याच संगणकावर नांदतात.

डास्कमध्ये साधे थ्रेडवर आधारित शेड्यूलरही आहेत आणि छोट्या कामाला ते पुरतात. लोकल क्लस्टर घेण्याची खरी कारणे तीन आहेत. डॅशबोर्डवर काम प्रत्यक्ष कसे चालले आहे ते दिसते. प्रत्येक वर्करच्या मेमरीला मर्यादा घालता येते. आणि आज लॅपटॉपवर लिहिलेला कोड उद्या खऱ्या क्लस्टरवर फारसा न बदलता नेता येतो. यांपैकी एकाचीही गरज नसेल, तर क्लस्टर न उघडणे हाच योग्य निर्णय आहे.

क्लस्टर सुरू होतो तेव्हा आत नेमके काय घडते?

या उत्तरावर पुढची बहुतेक उत्तरे अवलंबून असल्यामुळे ते सावकाश वाचावे, ही विनंती.

‘लोकलक्लस्टर’ ही वस्तू तयार केली, की आपल्याच पायथन प्रोसेसमध्ये एक इव्हेंट लूप वेगळ्या थ्रेडवर चालू होतो आणि त्या लूपवर शेड्यूलर उभा राहतो. त्यानंतर प्रत्येक वर्करसाठी एक ‘नॅनी’ तयार होते. नॅनीसुद्धा आपल्याच मूळ प्रोसेसमध्ये राहते, मात्र ती ज्याची राखण करते तो वर्कर स्वतंत्र प्रोसेस म्हणून जन्माला येतो. वर्कर शेड्यूलरकडे नोंद करतो, ठराविक अंतराने आपण जिवंत असल्याचा निरोप पाठवत राहतो, आणि तो अचानक मेला तर नॅनी त्याच्या जागी नवा वर्कर उभा करते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. शेड्यूलर आपल्या मूळ प्रोसेसमध्ये असल्यामुळे तीच प्रोसेस एखाद्या जड गणनेत गुंतली आणि तिने पायथनचे जागतिक कुलूप, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे गिल, बराच वेळ अडवून ठेवले, तर शेड्यूलरलाही बोलायला फुरसत मिळत नाही. शेड्यूलरचा इव्हेंट लूप काही सेकंद प्रतिसाद देत नव्हता, अशा आशयाची सूचना लॉगमध्ये वारंवार दिसू लागली, की वर्करांवर संशय घेण्याआधी मुख्य स्क्रिप्ट स्वतः काय करते आहे ते पाहावे.

मी फक्त क्लायंट उघडला होता, क्लस्टर तयार केलाच नव्हता. मग तो आला कुठून?

‘क्लायंट’ कोणताही पत्ता न देता उघडला आणि कॉन्फिगरेशनमध्येही शेड्यूलरचा पत्ता लिहिलेला नसला, तर तो स्वतःच एक लोकल क्लस्टर उभारतो आणि त्याला जोडला जातो. ही सोय मोठी आहे, पण तिच्यामुळे मालकीचा प्रश्न झाकला जातो, आणि माझ्या मते लोकल क्लस्टरविषयीचे निम्मे गोंधळ मालकी स्पष्ट नसल्यामुळेच होतात.

नियम असा आहे: क्लस्टर ज्याने उभारला, त्यानेच तो बंद करायचा. क्लायंटने स्वतः उभारलेला क्लस्टर त्या क्लायंटला ‘क्लोज’ केल्यावर बंद होतो. आपण आधी ‘लोकलक्लस्टर’ वेगळा तयार करून तो क्लायंटच्या हाती दिला असेल, तर क्लायंट बंद केल्याने केवळ जोडणी तुटते; क्लस्टर आणि त्याचे वर्कर चालूच राहतात. दोन्ही प्रकार दिसायला सारखे असल्यामुळे ‘मी तर क्लोज केले होते, तरी मेमरी का मोकळी होत नाही?’ हा प्रश्न वरचेवर ऐकू येतो. चार ओळींच्या प्रयोगापलीकडच्या कोणत्याही कामात क्लस्टर आणि क्लायंट ही दोन नावे वेगळी ठेवावीत आणि दोघांनाही ‘विथ’ ब्लॉकमध्ये बांधावे, असा माझा आग्रह आहे. ‘विथ’ च्या एकाच ओळीत आधी क्लस्टर आणि मग क्लायंट लिहिला, की बाहेर पडताना उलट क्रमाने आधी क्लायंट आणि मग क्लस्टर बंद होतो, आणि हाच क्रम बरोबर आहे. मध्येच एखादी त्रुटी उद्भवली तरी हा क्रम पाळला जातो.

‘क्लोज’, ‘शटडाउन’ आणि ‘रीस्टार्ट’ यांत फरक काय?

क्लायंटवरचे ‘क्लोज’ वर सांगितल्याप्रमाणे जोडणी सोडते, आणि क्लस्टर त्याच क्लायंटचा असेल तरच तो बंद करते. क्लायंटवरचे ‘शटडाउन’ मालकी पाहत नाही. ज्या शेड्यूलरला तो क्लायंट जोडलेला आहे तो शेड्यूलर आणि त्याचे सगळे वर्कर ते बंद करते. एकट्याच्या लॅपटॉपवर याने बिघडत नाही, परंतु त्याच शेड्यूलरला दुसरी नोटबुकही जोडलेली असेल, तर तिचे काम तेथेच संपते. क्लस्टरवरचे ‘क्लोज’ शेड्यूलर, नॅनी आणि वर्कर असे सगळे आवरते.

‘रीस्टार्ट’ चा हेतू निराळा आहे. त्यात शेड्यूलर जिवंत राहतो, सगळी प्रलंबित कामे आणि वर्करांच्या मेमरीतला डेटा टाकून दिला जातो आणि नॅनींच्या मदतीने वर्करांच्या नव्या प्रोसेस सुरू होतात. वर्करांनी आयात केलेले एखादे मॉड्यूल आपण बदलले, किंवा एखाद्या लायब्ररीने मेमरी गिळून ठेवली, तर संपूर्ण क्लस्टर नव्याने उभारण्यापेक्षा हा उपाय सोपा पडतो. मोजक्याच वर्करांना पुन्हा सुरू करण्यासाठी ‘रीस्टार्ट_वर्कर्स’ अशी स्वतंत्र सोय आहे.

क्लस्टर बंद करण्यापूर्वी हवे ते निकाल मूळ प्रोसेसमध्ये आणावेत किंवा डिस्कवर लिहावेत. ‘पर्सिस्ट’ केलेला, म्हणजे गणना करून क्लस्टरवरच ठेवलेला, डेटा वर्करांच्या मेमरीत असतो. क्लस्टर गेला की तोही जातो, आणि हाती उरलेल्या फ्यूचरकडे, म्हणजे त्या निकालाकडे बोट दाखवणाऱ्या वस्तूकडे, निकाल मागितला तर काम रद्द झाल्याची त्रुटी मिळते.

स्क्रिप्ट चालवताच प्रोसेस पूर्ण उभी राहण्याआधीच नवी प्रोसेस सुरू करण्याचा प्रयत्न झाल्याची त्रुटी येते. नोटबुकमध्ये मात्र तोच कोड चालतो. असे का?

डास्क वर्करांच्या प्रोसेस ‘स्पॉन’ पद्धतीने सुरू करतो. या पद्धतीत नवी पायथन प्रोसेस कोऱ्या अवस्थेत जन्मते आणि मुख्य स्क्रिप्ट पुन्हा आयात करते. स्क्रिप्टच्या वरच्या पातळीवरच क्लस्टर उघडण्याची ओळ असेल, तर प्रत्येक वर्कर ती ओळ पुन्हा चालवू पाहतो. म्हणजे वर्करांनीच पुढचे क्लस्टर उघडण्याचा घाट घातला जातो, आणि पायथन तो त्रुटी देऊन रोखते.

त्यासाठी क्लस्टर उघडणारा सगळा कोड एका फंक्शनमध्ये ठेवावा आणि मॉड्यूलचे नाव ‘मेन’ असेल तेव्हाच त्या फंक्शनला बोलावणारी प्रचलित अट शेवटी लिहावी. नोटबुकमध्ये पुन्हा आयात करण्याजोगी मुख्य स्क्रिप्टच नसल्यामुळे तेथे ही अडचण दिसत नाही. पद्धत बदलून ‘फोर्क’ करण्याचा सल्ला कधीकधी दिला जातो, पण मूळ प्रोसेसमध्ये आधीच थ्रेड चालू असताना फोर्क केले की कुलपे अर्धवट अवस्थेत नव्या प्रोसेसमध्ये जातात आणि सगळे मूकपणे गोठण्याचा धोका असतो. अट लिहिणे हाच सरळ मार्ग आहे.

किती वर्कर आणि किती थ्रेड ठेवावेत?

काहीच सांगितले नाही, तर डास्क कोअरच्या संख्येवरून स्वतः ठरवतो. ४ किंवा त्याहून कमी कोअर असतील तर प्रत्येक कोअरला एक थ्रेडचा एक वर्कर. त्याहून जास्त असतील तर कोअरच्या संख्येच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून मोठा असा सर्वांत लहान विभाजक वर्करांची संख्या म्हणून घेतला जातो. म्हणून ८ कोअरवर प्रत्येकी २ थ्रेडचे ४ वर्कर, १२ कोअरवर प्रत्येकी ३ थ्रेडचे ४ आणि १६ कोअरवर प्रत्येकी ४ थ्रेडचे ४ वर्कर मिळतात.

नमपाय आणि पांडाज यांतील बहुतेक आकडेमोड गिल सोडून देते, त्यामुळे अशा कामाला कमी वर्कर आणि जास्त थ्रेड मानवतात. अक्षरमालांवरची (स्ट्रिंगवरची) प्रक्रिया किंवा शुद्ध पायथनचे लूप असतील, तर थ्रेड एकमेकांची वाट अडवतात आणि एकेका थ्रेडचे जास्त वर्कर चांगले. नॅनी वर्कर सुरू करताना ओपनएमपी, एमकेएल आणि ओपनब्लास या आकडेमोडीसाठी स्वतःचे थ्रेड उघडणाऱ्या लायब्ररींच्या थ्रेडची संख्या पर्यावरण चलांतून १ वर आणते, कारण तसे न केल्यास प्रत्येक वर्करचा प्रत्येक थ्रेड पुन्हा सगळ्या कोअरवर स्वतःचे थ्रेड पसरवू लागतो. नॅनी नसलेल्या रचनेत ही काळजी आपणच घ्यावी लागते.

कंटेनरमध्ये चालवताना डास्क कोअर आणि मेमरी मोजताना सीग्रुपच्या, म्हणजे लिनक्सने त्या कंटेनरला घातलेल्या, मर्यादा विचारात घेतो, हे चांगले आहे. तरीही दुसऱ्याच्या यंत्रावर किंवा सामायिक सर्व्हरवर ‘एन_वर्कर्स’, ‘थ्रेड्स_पर_वर्कर’ आणि ‘मेमरी_लिमिट’ हे तीन आकडे स्पष्ट लिहिणे हे शेजारी काम करणाऱ्यांप्रती आपले कर्तव्य आहे.

माझे वर्कर मध्येच मरतात आणि पुन्हा सुरू होतात. कोण मारते त्यांना?

बहुतेक वेळा नॅनीच, आणि तेही मेमरीच्या कारणाने. प्रत्येक वर्करला मेमरीचा वाटा मिळतो. ‘मेमरी_लिमिट’ न दिल्यास यंत्राची एकूण मेमरी थ्रेडच्या प्रमाणात वाटली जाते. या वाट्याच्या ६० टक्क्यांवर डास्क आपल्याकडे साठवलेले निकाल डिस्कवर हलवू लागतो. प्रोसेसची प्रत्यक्ष मेमरी ७० टक्क्यांवर गेली की तो आणखी निकाल डिस्कवर काढतो, ८० टक्क्यांवर वर्कर नवी कामे घेणे थांबवतो आणि ९५ टक्क्यांवर नॅनी त्याला संपवून त्याच्या जागी नवा उभा करते.

डिस्कवर जाते ते डास्कला माहीत असलेल्या निकालांपुरतेच. चालू असलेल्या कामाने आतल्या आत घेतलेली मेमरी, एखाद्या सी लायब्ररीने धरून ठेवलेली मेमरी आणि तुकड्यांमध्ये विखुरल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला परत न गेलेली मेमरी यांवर डास्कचा थेट ताबा नाही. ‘माझा डेटा तर १ जीबीचाच आहे’ असे म्हणणाऱ्याच्या वर्करला ३ जीबी का लागले, याचे उत्तर येथे असते. पहिला उपाय म्हणजे तुकडे लहान करणे. मर्यादा वाढवणे हा त्यानंतरचा.

एखादे काम ज्या ज्या वर्करवर जाईल तो तो मरू लागला, तर डास्क ते अनंत काळ फिरवत बसत नाही. मूळ मांडणीत ही सहनशक्ती ३ अपयशांची आहे. ती ओलांडली की ‘किल्डवर्कर’ ही त्रुटी क्लायंटकडे येते. ही त्रुटी दिसली की सहनशक्ती वाढवण्याचा मोह टाळावा आणि त्या एका कामाची मेमरी मोजावी.

नोटबुकमध्ये काम करताना क्लस्टर साचत का जातात?

क्लस्टर उघडणारा कप्पा (सेल) पुन्हा चालवला, की ‘क्लस्टर’ हे नाव नव्या वस्तूला मिळते, परंतु जुनी वस्तू त्यामुळे बंद होत नाही. तिचा शेड्यूलर इव्हेंट लूपवर तसाच चालू असतो, तिचे वर्कर तसेच मेमरी धरून असतात, आणि नोटबुकच्या जुन्या उत्तरांच्या यादीतही तिचा संदर्भ उरलेला असू शकतो. सगळे संदर्भ सुटले आणि पायथनने वस्तू गोळा केली, तरी डास्क फक्त ‘क्लस्टर बंद न करता सोडला’ अशी सूचना देतो, आणि ती सूचना ज्या वर्गात मोडते तो वर्ग पायथन सहसा दाखवतच नाही. पसारा आवरण्याचे काम कचरा गोळा करणाऱ्यावर सोपवता येत नाही.

याचे पहिले चिन्ह बहुधा डॅशबोर्डच्या पोर्टवर दिसते. डॅशबोर्ड प्रथम ८७८७ क्रमांकाचे पोर्ट मागतो. ते व्यापलेले असेल तर ‘आधीच एखादा क्लस्टर चालू आहे का?’ असे विचारून तो दुसऱ्याच क्रमांकावर जातो. ही ओळ दिसली की तिला निरुपद्रवी समजून पुढे जाऊ नये. कधी ती खरोखर दुसऱ्या व्यक्तीच्या नोटबुकमुळे येते, पण एकट्याच्या यंत्रावर तिचा अर्थ जवळजवळ नेहमीच विसरलेला क्लस्टर असा असतो.

नोटबुकमध्ये ‘विथ’ ब्लॉक अनेक कप्प्यांवर पसरता येत नाही, ही अडचण खरी आहे. त्यामुळे क्लस्टर उघडणाऱ्या कप्प्यातच, आधीचा क्लायंट आणि क्लस्टर अस्तित्वात असल्यास ते बंद करणाऱ्या दोन ओळी आरंभी लिहाव्यात. कप्पा कितीही वेळा चालवला तरी एकच क्लस्टर उरतो.

प्रोग्रॅम संपताना डास्क स्वतःच सगळे आवरतो ना? मग एवढी चिंता कशाला?

काही प्रमाणात आवरतो. पायथन नेहमीच्या मार्गाने संपत असताना ‘अ‍ॅटएक्झिट’ या यंत्रणेद्वारे डास्क उघडे राहिलेले क्लस्टर शोधतो आणि प्रत्येकाला बंद होण्यासाठी थोडा अवधी देतो. हे सुरक्षाजाळे आहे आणि ते असावेच, पण त्याच्या मर्यादा ओळखाव्यात.

कंट्रोल-सी दाबल्यावर पायथनमध्ये त्रुटी उद्भवते आणि ‘विथ’ ब्लॉक नीट उलगडतात. याउलट ‘सिगटर्म’ हा प्रोसेसला थांबायला सांगणारा संकेत आला आणि आपण त्याची काही व्यवस्था केलेली नसेल, तर प्रोसेस तेथेच संपते. ‘विथ’ उलगडत नाही आणि ‘अ‍ॅटएक्झिट’ ही चालत नाही. सर्व्हर व्यवस्थापक, बॅच प्रणाली, डॉकर आणि कुबरनेटिस हे सगळे थांबवताना प्रथम हाच संकेत पाठवतात. म्हणून लांब चालणाऱ्या स्क्रिप्टच्या आरंभी मुख्य थ्रेडमध्ये ‘सिगटर्म’ साठी एक छोटे फंक्शन नोंदवावे, ज्याने ‘सिस.एक्झिट’ बोलवावे. एवढ्याने संकेताचे रूपांतर सामान्य बाहेर पडण्यात होते आणि पुढचे सगळे ब्लॉक आपापले काम करतात.

कंटेनरमध्ये आणखी एक पेच आहे. तेथे आपली प्रोसेस बहुधा क्रमांक १ ची असते, आणि क्रमांक १ च्या प्रोसेसने ज्या संकेताची व्यवस्था नोंदवलेली नाही तो संकेत लिनक्सचा कर्नल तिच्यापर्यंत पोहोचवतच नाही. डॉकर थांबण्याचा आदेश देतो, १० सेकंद वाट पाहतो आणि मग ‘सिगकिल’ ने सगळे एका झटक्यात संपवतो; कुबरनेटिसमध्ये हा अवधी मूळ मांडणीत ३० सेकंदांचा असतो. सुरुवातीचा आदेश शेलमार्फत दिला असेल तर क्रमांक १ वर शेल बसते आणि ती संकेत पुढे पाठवेलच असे नाही. त्यामुळे आदेश थेट यादीच्या रूपात लिहावा आणि ‘टिनी’ सारखा छोटा आरंभक, किंवा डॉकरचा ‘इनिट’ हा पर्याय, वापरावा.

‘सिगकिल’ झाला किंवा मुख्य प्रोसेस कोसळली, तर वर्कर अनाथ होऊन चालत राहतात का?

सहसा नाही. प्रत्येक वर्कर प्रोसेसमध्ये एक लहानसा थ्रेड मूळ प्रोसेसशी जोडलेल्या पाइपकडे लक्ष ठेवून असतो; मूळ प्रोसेस गेली की पाइप बंद होतो आणि वर्कर तत्काळ स्वतःला संपवतो. मात्र असा तत्काळ अंत म्हणजे आवराआवर न करता झालेला अंत. वर्करने डिस्कवर हलवलेला डेटा तेथेच राहतो, आणि आपल्या कामाने स्वतः सुरू केलेल्या उपप्रोसेस किंवा अर्धवट लिहिलेल्या फाइली यांची जबाबदारी कोणी घेत नाही.

‘डास्क-स्क्रॅच-स्पेस’ या निर्देशिकेत साचलेल्या फाइली पुसाव्यात का?

मेमरीतून डिस्कवर हलवलेले निकाल येथे जातात. वर्कर नीट बंद झाला तर तो आपली निर्देशिका पुसतो. तो अचानक मेला, तर पुढच्या वेळी त्याच ठिकाणी सुरू होणारा वर्कर कुलूपफाइल तपासून मालक नसलेल्या निर्देशिका ओळखतो आणि साफ करतो. कोणताही क्लस्टर चालू नाही याची खात्री असेल तर हाताने पुसल्यानेही काही बिघडत नाही.

जागा निवडणे याहून महत्त्वाचे आहे. काही लिनक्स यंत्रांवर तात्पुरत्या फाइलींची निर्देशिका मेमरीतच बसवलेली असते. तेथे ‘डिस्कवर’ हलवलेला डेटा प्रत्यक्षात मेमरीतच राहतो आणि सगळा हेतू फसतो. संगणकीय केंद्रांवर गृहनिर्देशिका नेटवर्कवरून येते आणि ती या कामाला फार मंद असते. ‘लोकल_डिरेक्टरी’ हा पर्याय वापरून यंत्रातल्याच वेगवान डिस्कवरची जागा द्यावी.

‘प्रोसेसेस’ हा पर्याय बंद करून सगळे एकाच प्रोसेसमध्ये चालवणे केव्हा योग्य?

डीबगरने पायरी-पायरीने पाहायचे असेल, डेटा मोठा असून प्रोसेसांमध्ये त्याची ने-आण टाळायची असेल आणि काम गिल सोडणारे असेल तेव्हा. क्लस्टर लवकर उघडतो आणि लवकर मिटतो. मात्र या रचनेत नॅनी नसते, म्हणून मेमरी ९५ टक्क्यांवर गेली तरी कोणी मध्ये पडत नाही आणि कामाने प्रोसेस कोसळवली तर आपली नोटबुकही त्याच्यासोबत जाते.

लोकल क्लस्टर गरजेनुसार लहान-मोठा करावा का?

‘स्केल’ ने वर्करांची संख्या हाताने बदलता येते आणि ‘अडॅप्ट’ ने किमान व कमाल मर्यादा देऊन ते काम डास्कवर सोपवता येते. भाड्याच्या यंत्रांवर याचा फायदा पैशांत मोजता येतो. स्वतःच्या लॅपटॉपवर रिकामा वर्कर फारसे काही खात नाही, उलट नवी प्रोसेस सुरू करून पांडाज पुन्हा आयात करण्यात वेळ जातो, म्हणून येथे मी ‘अडॅप्ट’ सहसा सुचवत नाही. दिवसभर उघड्या राहणाऱ्या सामायिक सर्व्हरवर मात्र किमान ० ठेवून वापरणे शेजाऱ्यांच्या दृष्टीने चांगले.

वेब सेवेत किंवा दीर्घकाळ चालणाऱ्या कामात लोकल क्लस्टर ठेवता येईल का?

ठेवता येतो, पण विचारपूर्वक. गनिकॉर्नसारखा सर्व्हर आपल्या अनेक प्रती चालवतो. क्लस्टर उघडणारी ओळ मॉड्यूलच्या वरच्या पातळीवर असेल, तर प्रत्येक प्रत आपला स्वतंत्र क्लस्टर उघडते आणि प्रत्येक क्लस्टर संपूर्ण यंत्र आपल्याच मालकीचे आहे असे समजून वर्कर आणि मेमरी वाटून घेतो. अशा ठिकाणी शेड्यूलर आणि वर्कर त्यांच्या आदेशांनी वेगळ्या सेवा म्हणून सुरू करावेत आणि वेब सर्व्हरच्या प्रतींनी केवळ क्लायंट म्हणून जोडले जावे. मग क्लस्टरचे आयुष्य सर्व्हर व्यवस्थापक सांभाळतो आणि संकेतस्थळाची नवी आवृत्ती चढवताना गणना थांबत नाही.

रिकामा पडलेला शेड्यूलर ठराविक वेळाने आपोआप मिटावा यासाठी ‘आयडल-टाइमआउट’ ही मांडणी आहे. रिकामा म्हणजे हाती काम नसलेला. मेमरीत ‘पर्सिस्ट’ केलेला डेटा असला तरी तो रिकामाच धरला जातो, हे लक्षात न घेता जेवणाच्या सुट्टीनंतर परतणाऱ्याचा सकाळचा सगळा डेटा गेलेला असतो. हळूहळू मेमरी गळणाऱ्या लायब्ररींसाठी वर्करांना ‘लाइफटाइम’ देता येते: ठरलेला काळ झाला की वर्कर आपला डेटा इतर वर्करांकडे सोपवून निवृत्त होतो आणि तसे सांगितले असल्यास नव्याने सुरू होतो. सगळे एकाच क्षणी निवृत्त होऊ नयेत म्हणून या काळात थोडा फरक ठेवण्याची मांडणीही सोबत आहे, आणि ती विसरू नये.

सहकाऱ्यांना माझ्या लोकल क्लस्टरला जोडू द्यावे का?

शेड्यूलर मूळ मांडणीत १२७.०.०.१ या पत्त्यावरच ऐकतो, म्हणजे बाहेरच्या यंत्रांना तो दिसत नाही. ‘होस्ट’ बदलून तो सगळ्या नेटवर्कला उघडा केला, तर जो कोणी पोर्टपर्यंत पोहोचेल तो आपल्या यंत्रावर आपल्या अधिकाराने कोणताही पायथन कोड चालवू शकतो. येथे पासवर्ड नाही. ‘सिक्युरिटी’ हा पर्याय चालू केल्यास तात्पुरती प्रमाणपत्रे तयार होऊन टीएलएस, म्हणजे जोडणीचे सांकेतिकीकरण, लागू होते. निदान तेवढे केल्याशिवाय कार्यालयातल्या किंवा महाविद्यालयातल्या नेटवर्कवर शेड्यूलर उघडू नये.

चाचण्यांमध्ये प्रत्येक चाचणीसाठी नवा क्लस्टर घ्यावा का?

प्रत्येक चाचणीला वेगळ्या प्रोसेसचा क्लस्टर दिला तर चाचण्यांचा बहुतेक वेळ वर्कर उभे करण्यातच जातो. पायटेस्टमध्ये संपूर्ण सत्रासाठी एकच फिक्स्चर (चाचण्यांना क्लस्टर तयार करून देणारे फंक्शन) ठेवावे, त्यात एक-दोन वर्कर असावेत आणि डॅशबोर्डचे पोर्ट ० द्यावे, म्हणजे समांतर चालणाऱ्या चाचण्या ८७८७ साठी भांडत नाहीत. चाचण्यांमध्ये परस्परांचा डेटा झिरपू नये म्हणून क्लायंट मात्र प्रत्येक चाचणीला नवा द्यावा. क्लायंट बंद झाला की त्याने धरलेली फ्यूचर सुटतात आणि वर्कर त्यांची मेमरी मोकळी करतात.

असिंक कोडच्या चाचण्यांत क्लस्टर आणि क्लायंट दोघांनाही ‘असिंक्रोनस’ सांगावे आणि ‘असिंक विथ’ वापरावे. एकाला सांगून दुसऱ्याला विसरले, तर चालू लूपमध्ये दुसऱ्या लूपची वाट पाहण्याची वेळ येते आणि चाचणी लटकते.

स्पार्क आणि रे यांच्यातही हेच नियम लागू पडतात का?

डास्कसारख्याच या दोन समांतर गणना प्रणालींत तत्त्व तेच, तपशील वेगळे. स्पार्कच्या स्थानिक पद्धतीत सगळे एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या आभासी यंत्रात) चालते आणि एका जेव्हीएममध्ये एकच स्पार्ककॉन्टेक्स्ट, म्हणजे स्पार्कशी असलेली मुख्य जोडणी, असतो. ‘गेटऑरक्रिएट’ आधीचे सत्र असेल तर तेच परत देते, त्यामुळे नोटबुकमध्ये ड्रायव्हरची मेमरी बदलून कप्पा पुन्हा चालवला तरी बदल लागू होत नाही. जेव्हीएम आधीच सुरू झालेले असते. बंद करण्यासाठी ‘स्टॉप’ आहे. स्पार्कचा डॅशबोर्डसारखा वेब पडदा ४०४० वर दिसतो आणि ते पोर्ट व्यापलेले असेल तर तो ४०४१, ४०४२ असा पुढे सरकतो. ४०४३ वर पडदा दिसणे म्हणजे मागे तीन सत्रे उघडी असण्याची शक्यता.

रेमध्ये ‘इनिट’ ने आपल्या स्क्रिप्टमधून उभारलेला क्लस्टर स्क्रिप्टसोबत संपतो आणि ‘शटडाउन’ ने तो आधीही मिटवता येतो. पण आदेशाच्या ओळीवरून ‘रे स्टार्ट’ ने सुरू केलेला क्लस्टर कोणत्याही स्क्रिप्टच्या मालकीचा नसतो. तो ‘रे स्टॉप’ म्हणेपर्यंत चालू राहतो. हा भेद डास्कमधल्या क्लायंट आणि क्लस्टरच्या मालकीसारखाच आहे.

क्लस्टर खरोखर बंद झाला याची खात्री कशी करावी?

प्रथम क्लस्टरचा ‘स्टेटस’ पाहावा. तो ‘क्लोज्ड’ असायला हवा. ‘क्लोजिंग’ वर बराच वेळ अडकला असेल तर एखादा वर्कर लांब चालणाऱ्या सी कोडमध्ये असण्याची शक्यता आहे, कारण थ्रेडमध्ये चालू असलेले काम डास्कला बळाने मध्येच तोडता येत नाही. त्यानंतर ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावे: प्रोसेसच्या यादीत ‘मल्टिप्रोसेसिंग’ आणि ‘स्पॉन’ हे शब्द असलेल्या पायथन प्रोसेस उरल्या आहेत का, त्यांची पालक प्रोसेस कोणती आहे, आणि ८७८७ वर अजून कोणी ऐकत आहे का. पालक प्रोसेस एखाद्या जुन्या नोटबुकची निघाली तर ती नोटबुक नीट बंद करावी. सुट्या वर्करला मारून उपयोग होत नाही, नॅनी जिवंत असेल तोवर ती त्याच्या जागी दुसरा उभा करते.